आधी रोजमेळ दाखवा

(पत्र बरंच मोठं होतं, आवरून छापते आहे. गाव आणि आडत ओळखू येईल असं सगळं काढलं आहे. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्यबाजार, आडत म्हणजे तिथं शेतकऱ्याचा माल विकून देणारं दुकान.)

‘ताई, मी परभणी जिल्ह्यातला. वय २९, बी.कॉम. मोंढ्यातल्या एका आडतीवर साडेसहा वर्षं मुनीम होतो. रोकड, पट्ट्या, खतावणी सगळं माझ्याकडंच. दसऱ्याच्या आधी काम सोडलं आणि मानवतला एका जिनिंगच्या ऑफिसात लागलो, पगार तीन हजारानं जास्त. शेठ म्हणाले, सोयाबीनच्या तोंडावर सोडून चाललास, लक्षात ठेवीन. मला वाटलं रागात बोलले. दिवाळीला वह्या बदलल्या आणि आठ दिवसांनी फोन आला, हिशोबात १ लाख ८६ हजार कमी आहेत, कुठं घातलेस? मी म्हणलं, शेठ, एक रुपया घेतला नाही. संक्रांतीपासून ते सगळ्या मोंढ्यात सांगूलालेत. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो टाकला, “या मुलापासून सावध राहा”. जिनिंगच्या मालकांनाही फोन गेला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तिजोरीची किल्ली माझ्याकडून घेतली.

शेठ म्हणतात, चूक झाली असं बाँडवर लिहून दे, महिन्याला दहा हजारानं फेड, मी पोलिसात जात नाही. कामाला लागताना सह्या केलेले दोन कोरे चेक दिले होते, ते त्यांच्याकडंच आहेत. माझा दीड महिन्याचा पगार राहिला. परवा ठाण्यातून एका जमादाराचा फोन आला, “येऊन जा, बसून मिटवा.” मामा म्हणतात लिहून दे, पाण्यात राहून माशाशी वैर नको. वडील त्याच मोंढ्यात तीस वर्षं हमाल आहेत. ते म्हणतात कर नाही त्याला डर कशाला, पांडुरंग बघून घेईल. पण त्यांनी हॉटेलात चहाला बसायचं सोडलं.

छोटे शेठ गल्ल्यातून पैसे काढून शेतकऱ्यांना उचल द्यायचे, चिठ्ठी कधी टाकायचे, कधी नाही. मी एकदा वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला सहा हजार उचलले होते, ते पगारातून वळते केले. तसा रोज रात्री मी शिल्लक शेठच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. झोप लागत नाही. काय करू?’

दादा,

सही करू नका. बाकीचं पुढं सविस्तर सांगते, पण वाचता वाचता कुणी हाक मारली आणि उठावं लागलं, तर एवढं डोक्यात राहू द्या. बाँडवर नाही, साध्या कागदावर नाही, ‘आपल्या आपल्यातच राहील’ म्हणाले तरी नाही.

माझ्या अंगावर एकदा हे आलेलं आहे, म्हणून इतक्या जोरात सांगते. लग्नाआधी मी मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशियर होते. एका शनिवारी कॅश ५,४०० रुपयांनी कमी भरली. तीन वेळा मोजली, ड्रॉवर उपसून बघितला. सोमवारी मॅनेजर म्हणाले, पोरी, बोभाटा नको, भरून टाक. वडिलांनी कालवड विकली, मी पैसे भरले आणि ‘माझ्याकडून कमी आलेली रक्कम भरत आहे’ असं दोन ओळी लिहून दिलं. अकराव्या दिवशी एक म्हातारी पासबुक घेऊन आली. तिनं भरले होते ३,९००. पासबुकात बरोबर, रजिस्टरला माझ्या हातून ९,३०० पडलेले. फरक बरोबर ५,४००. जुने हिशोबनीस सांगतात, तूट नऊनं भागली तर आधी उलटसुलट पडलेला आकडा शोधावा. ते मला त्यानंतर कळलं. पैसे परत मिळाले. पण मी भरले होते हे लोकांच्या लक्षात राहिलं, परत मिळाले हे नाही. पुढं दोन वर्षं माझ्यामागं तेच वाक्य ऐकलं: काहीतरी असल्याशिवाय कुणी भरतं का?

म्हणून तुमच्या मामांना सांगा, लिहून दिलं तर मिटत नाही, तिथून पक्कं होतं. शेठच्या हातात आज संशय आहे. बाँड दिला की पुरावा येईल.

यात कायद्याची एक गंमत आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. कायदाच पोलिसासमोरच्या कबुलीवर विश्वास ठेवत नाही. पण शेठच्या गादीवर बसून, दोन साक्षीदारांसमोर, पाचशेच्या बाँडवर ‘माझ्याकडून चूक झाली’ असं राजीखुशीनं लिहून दिलेलं असेल, तर ते कोर्टात वाचलं जाऊ शकतं. ठाण्यात बोललेल्यापेक्षा दुकानात लिहिलेलं जड, असं झालं हे. शिवाय पहिले चार हप्ते भरून पाचवा चुकला, तर त्याच बाँडची झेरॉक्स जोडून फिर्याद जाते. शेठ ‘पोलिसात जात नाही’ म्हणतात ते बाँडवर लिहिणार आहेत का, विचारून बघा एकदा.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. ती तुम्ही शेवटून तिसऱ्या जागी, अशीच जाता जाता टाकली आहे: ‘तसा रोज रात्री मी शिल्लक शेठच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो.’ अहो, तसा काय! साडेसहा वर्षं नाही म्हणत मी, दोन वर्षांचे मेसेज जरी राहिले असतील तरी ते रोजच्या रोज दिलेला हिशोब आहे. रात्री आठ-साडेआठला रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, जुळवून, शेवटच्या ओळीचा फोटो काढून मालकाला पाठवलेला. मालकानं बघितलेला, निळ्या खुणा झालेल्या, कधी अंगठा दाखवलेला. शेवटच्या दिवशीचा मेसेज आहे ना? त्या रात्री रोकड जुळली होती आणि मालकाला कळवली होती, तर त्यानंतर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत भर सीझनमध्ये गल्ल्यावर कोण बसलं होतं, हा प्रश्न तुम्ही विचारायचाही नाही, तो आपोआप समोर येतो.

तो फोन जपा. बदलू नका, विकू नका, धाकट्या भावाला देऊ नका, रिसेट तर मुळीच करू नका. शेठच्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसायची सोय चालू असेल तर बंद करा. सगळं चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, शेवटच्या महिन्याचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे काढा. नुसती प्रिंट कोर्टात पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देतील. मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. ग्रुपवर तुमचा फोटो टाकलेला मेसेजही तसाच ठेवा. ज्यानं तुम्हाला तो दाखवला त्याच्याच फोनवरून काढून घ्या, कुणी टाकला तो नंबर दिसू द्या.

आणि आता थोडं मुनिमासारखं बोलू.

छोटे शेठ चिठ्ठी न टाकता गल्ल्यातून पैसे काढायचे, असं तुम्ही लिहिता. मग त्या रात्री तुम्ही रोजमेळ जुळवत कसे होता? हे स्वतःला आधी विचारा, कारण वकील पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारणार. ‘छोटे शेठ हस्ते’ म्हणून नावे टाकत असाल तर ते वहीत आहे, आणि वही शेठकडं आहे. पण मला वाटतं, अनेक आडतींवर चालतं तेच तुमच्याकडंही चाललं असावं: कच्ची चिठ्ठी लिहायची, रबर लावून गल्ल्याच्या कप्प्यात ठेवायची आणि रोकड मोजताना ती चिठ्ठी नोटेसारखीच धरायची. शेतकऱ्याचा माल आला, पट्टी (म्हणजे त्या मालाच्या विक्रीचा हिशोब) झाली, की उचल वळती करून चिठ्ठी फाडायची. म्हणजे वहीत शिल्लक चार लाख दिसते, त्यातले अडीच नोटांचे आणि दीड चिठ्ठ्यांचे. दुकानात सगळ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग मुनीम बदलतो. नवा माणूस नोटाच मोजतो. रबर तुटलेलं असतं, चार चिठ्ठ्या कप्प्याच्या मागं गेलेल्या असतात, दोन छोट्या शेठच्या खिशात राहिलेल्या. वहीपूजनाच्या दिवशी तूट निघते आणि नाव कुणाचं येणार? जो समोर नाही त्याचं.

असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. तुमच्या पत्रावरून एवढंच म्हणते, की १ लाख ८६ हजार ही रक्कम चोरीची न वाटता चिठ्ठ्यांची जास्त वाटते. ज्या शेतकऱ्यांना उचल दिल्याचं तुम्हाला आठवतं, त्यांची गावं, अंदाजे रक्कम, अंदाजे महिना असा एक तक्ता आजच लिहून काढा. पक्कं आठवतं ते निळ्या शाईनं, अंधुक आठवतं ते पेन्सिलनं. त्यांच्याकडं लगेच पळू नका. त्यातल्या किती जणांचा माल नंतर त्याच आडतीवर आला, हे पट्ट्यांवरून कळू शकतं, आणि हिशोबपट्टीची एक प्रत बाजार समितीकडं जाते. प्रकरण पुढं गेलंच तर शेठच्या वह्यांशिवायही तपासायला जागा आहे, एवढा धीर धरा.

मात्र एक करायचं नाही. ‘पैसे छोट्या शेठनंच खाल्ले’ असं कुणाला लिहायचं नाही, बोलायचं नाही, चिडून सुद्धा नाही. तुम्ही पैसे काढताना पाहिलंत; खाताना पाहिलं नाही. तुमच्यावर जे झालंय तेच तुम्ही दुसऱ्यावर कराल आणि शेठच्या हातात आयतं कोलीत द्याल.

आता ते सहा हजार. मला तुम्ही ते सांगितलंत ते बरं केलंत, पण पत्रात एका ओळीत उरकलंत. समोरचा माणूस ते एका ओळीत सोडणार नाही. ‘गल्ल्यातून उचलायची सवय होतीच’ असं तो म्हणणार. शेठला विचारून घेतले होते का? कोणत्या महिन्यात? पगारातून किती हप्त्यांत वळते झाले? पगार बँकेत यायचा की हातात? बँकेत येत असेल तर त्या महिन्यांचा कमी पगार पासबुकात दिसतोच, त्याची प्रत काढा. ऑपरेशनचा दवाखान्याचा कागद शोधा. आणखी कधी दोनशे-पाचशे हातउसने घेतले असतील तर वकिलाला तेही सांगा, लाजू नका. मी तुमच्यावर विश्वास ठेवते आहे, पण माझ्यासमोर तुमचं एक पत्र आहे. वकिलासमोर पूर्ण खरं असलं पाहिजे, नाहीतर तो भर कोर्टात उघडा पडतो आणि त्याच्यासोबत तुम्ही.

चेक. मला बाँडपेक्षाही याची जास्त काळजी वाटते, कारण बाँड अजून दिला नाही, चेक दिलेले आहेत. कामाला लागताना कोरा चेक मागायची ही पद्धत आपल्याकडं इतकी मुरली आहे की पोरं शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबतच देऊन टाकतात. तारखेपासून तीन महिने ही चेकची मुदत. पण कोऱ्या चेकवर तारीखच नसते, ती उद्याचीही टाकता येते. रक्कमही टाकता येते. तो वटला नाही की बँकेचा मेमो, त्यानंतर ३० दिवसांत तुम्हाला नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ ची केस. ‘साहेब, चेक कोरा दिला होता’ एवढ्यावर कोर्ट सोडत नाही. सही तुमची असली की देणं होतं असं कोर्ट धरून चालतं आणि नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्येही हेच सांगितलं आहे.

म्हणून चेक बँकेत यायच्या आधी कागद तयार पाहिजे. उद्याच बँकेत जाऊन दोन्ही चेकचे नंबर देऊन ‘पेमेंट थांबवा’ असा अर्ज द्या, आणि कारण स्पष्ट लिहा: नोकरीला लागताना तारण म्हणून कोरे दिले, नोकरी संपली, कोणतंही देणं नाही, चेक अजून परत मिळालेले नाहीत. अर्जाच्या झेरॉक्सवर बँकेचा शिक्का आणि तारखेची पोच घ्या. नुसतं मोबाईल ॲपवरून थांबवू नका, तिथं कारण सविस्तर लिहिता येईलच असं नाही. यानं केस टळेलच असं नाही, पण केस झाली तर तुमचं म्हणणं आधीचं ठरतं, मागाहून सुचलेलं नाही. आणि १३८ ची नोटीस आली तर ती उशीखाली ठेवू नका, १५ दिवसांच्या आत उत्तर गेलं पाहिजे.

जमादारांच्या फोनबद्दल. वडिलांची म्हण मला आवडते, पण इथं ती धोक्याची आहे. कर नसलेल्यालाही इथं डर असावा, म्हणजे पळून जाण्यापुरता नव्हे, तयारी करण्यापुरता. नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, सोपवलेल्या पैशाचा अपहार केला तर कलम ३१६ चं चौथं पोटकलम. दोन्हीला सात वर्षांपर्यंत शिक्षा, दोन्ही अजामीनपात्र. घाबरवत नाही, पण ‘बसून मिटवा’ म्हणणारा माणूस या कलमांच्या सावलीत बोलतो, हे तुम्हाला माहीत हवं.

दुसरी बाजूही माहीत हवी. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती नोटीस कलम ३५ मध्ये आहे. गुन्हा दाखल झालाय का, हे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बघता येतं. काही संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर तिथं टाकावा लागतो. मला वाटतं, तुमच्या बाबतीत अजून नुसता अर्ज आहे, नाहीतर तोही नाही, ओळखीचा फोन आहे. पुन्हा फोन आला तर आवाज न चढवता म्हणा, ‘साहेब, लेखी बोलावा, त्या तारखेला वकिलासोबत येतो.’ आणि लेखी आलं तर नक्की जा; नोटीस चुकवली तर अटकेला कारण तुम्हीच देता. अर्जाच्या चौकशीत जबाब घेतात तेव्हा शक्यतो स्वतःच्या अक्षरात लिहा, जे पाहिलं तेवढंच, आणि कोऱ्या जागा ठेवू नका. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जाता येतं. ते आत्ता करायचं की थांबायचं, हे वकिलाला ठरवू द्या.

वकिलाला पैसे कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. परभणीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी कळतं. ‘फुकटचा वकील’ म्हणून नाक मुरडणारे पाहुणे भेटतील, त्यांना फी द्यायला सांगा.

त्या वकिलाकडून शेठना एक पत्र जाऊ द्या. ते धमकीचं नको. ‘अब्रुनुकसानीचे पन्नास लाख द्या’ छापाच्या नोटिसा मी पुष्कळ पाहिल्या. त्यांनी समोरचा माणूस नुसता हट्टाला पेटतो. पत्र मुनिमाचं वाटलं पाहिजे. साधारण असं:

‘मी आपल्या दुकानी अमुक ते अमुक काळात रोकड सांभाळत होतो. शेवटच्या दिवसाची शिल्लक मी त्या रात्री आपल्या मोबाईलवर पाठवली व रोकड अमुक यांच्या हाती मोजून दिली. १ लाख ८६ हजारांची तूट कोणत्या तारखेची, कोणत्या खात्यातली, कोणी आणि कधी मोजली, हे रोजमेळाच्या उताऱ्यासह लेखी कळवावे. उचलीच्या कच्च्या चिठ्ठ्या व गल्ल्यावरील कॅमेऱ्याचे चित्रण असल्यास जपून ठेवावे. माझे दोन चेक व दीड महिन्याचा पगार द्यावा.’

बस. स्पीड पोस्टानं पाठवा (रजिस्टर पोस्ट आता त्यातच मिळवलं आहे) आणि पोच जपा. कॅमेऱ्यावर फार भिस्त ठेवू नका. काही आठवड्यांत जुन्यावर नवं चढतं, दसऱ्याचं आता राहिलेलं नसणार. पण शेठनी ‘सगळं कॅमेऱ्यात आहे’ असं चार लोकांत म्हटलं असेल तर दाखवा म्हणायचा हक्क तुमचाही आहे. ‘दोन चिठ्ठ्या राहिल्या होत्या त्या सापडल्या’ एवढं म्हणायची वाटही त्यांना या पत्रातून राहते. माणसाला मागं फिरायला रस्ता ठेवला की तो कधीकधी फिरतो.

पगाराचं मामा म्हणतील, गेला तर गेला. सोडू नका. नुकसान कापायचं तर आधी तुम्हाला कारण दाखवायची संधी द्यावी लागते, मनानं अडकवून ठेवता येत नाही. कामगार कार्यालयात साधा अर्ज देता येतो. रकमेसाठी म्हणत नाही मी. पगार सोडला की त्याचाही अर्थ लावला जातो, माझ्या ५,४०० सारखाच.

फोटोचं काय? ती बदनामी आहेच, न्याय संहितेचं कलम ३५६. ती तक्रार पोलिसांत नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडं करायची असते आणि तीन वर्षांची मुदत असते. भरपाईचा दिवाणी दावा करायचा तर मात्र एकच वर्ष. माझं मत विचाराल तर आज करू नका. आधी पत्राचं उत्तर येऊ द्या. तुमचा जीव आत्ता दोन कोर्टांत एकदम धावायच्या अवस्थेत नाही. फक्त एक वर्षाची ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

राहता राहिला मोंढा. सगळ्या गाळ्यांवर जाऊन ‘मी नाही घेतले’ सांगायला निघाल तर दहाव्या गाळ्यापर्यंत लोक म्हणतील, हा एवढा का फिरतोय. तिघांना गाठा: जुना मापाडी, ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा एखादा खरेदीदार, आणि वडिलांच्या टोळीचा मुकादम. त्यांना मेसेज दाखवा, पत्राची प्रत दाखवा, छोट्या शेठचं नाव घेऊ नका आणि उठून या. बाकीचं ते बोलतील.

जिनिंगच्या मालकांकडं मात्र उद्या सकाळी, दुसरं काम सुरू व्हायच्या आत जा. ते काही बोलले नाहीत, किल्ली घेतली, पण कामावरून काढलं नाही, हे बघा. माणूस तुमची वाट बघतोय. ‘साहेब, तुम्हाला फोन आला ते मला कळलं. मी घेतले नाहीत, हे माझे रोजचे मेसेज, मी वकिलामार्फत हिशोब मागितलाय. तोवर किल्ली तुमच्याकडंच असू द्या.’ ते शेवटचं वाक्य तुम्ही म्हणा, त्यांना म्हणायला लावू नका.

आणि वडील. पांडुरंग बघून घेईल म्हणतात ना, तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट विचारा, त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत असेल. देवाचं पदक तिच्या वाकळेत सापडलं, चोरीचा आळ आला, सुळावर न्यायला निघाले आणि सुळाचं पाणी झालं. तिच्याही वेळी कुणी विचारलं नव्हतं की पदक तिथं आलं कसं. तुमच्यासाठी पाणी व्हायची वाट नको बघायला, विचारायची सोय आहे. हमालांना एक भीती अशीही असते की शेठ काम बंद करतील. माथाडी मंडळात त्यांची नोंद असेल तर त्यांचं काम एका गादीच्या मर्जीवर नाही, टोळीवर आहे. मुकादमाशी बोलताना हेही काढा. पण खरं दुखणं ते चहाचं आहे. एखाद्या सकाळी तुम्ही स्वतः गावी उतरा आणि त्यांना घेऊन त्याच हॉटेलात, त्याच बाकड्यावर बसा. काही बोलू नका, दोन कट सांगा.

झोपेचं म्हणाल तर ती लगेच येणार नाही. मला अकरा दिवस नव्हती, आणि नंतरही बरेच दिवस पहाटे तीनला आकडे दिसायचे. पंधरा दिवसांनीही तसंच राहिलं, जेवण तुटलं, नको ते विचार यायला लागले, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आज रात्री एवढंच करा. जुनं चेकबुक काढा, नाहीतर त्याचं कव्हर. कोणता चेक कुणाला दिला ते लिहायला त्यात एक पान असतं, बहुतेकांचं कोरंच राहतं, पण तुम्ही मुनीम आहात. त्या दोन नंबरांसमोर तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं, ते मला कळवा.